अख्खी कोंबडी, पातळ रस्सा

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आत्यानं विरजणासाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि तशीच थांबली. सगळ्यात खालच्या कप्प्यात स्टीलच्या परातीत कोंबडी होती. अख्खी, सालीसकट, मीठ चोळलेली, दोन्ही तंगड्या सुतळीनं बांधलेल्या. वर झाकण नाही.

“हे असं उघडंच ठेवायचंय?”

“हो. सकाळपर्यंत साल कोरडी व्हायला हवी.”

“वरच्या कप्प्यात देवाचं दूध आहे.”

“म्हणूनच ती खाली ठेवली. पाणी सुटलं तरी परातीत राहील, कशावर ठिबकणार नाही.”

आत्यानं दूध घेतलं, फ्रिजचं दार लावलं आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. ती अशी उभी राहिली की बोलणं लांबतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्याचं माहेर करजण, सासर पेण. काका गेल्यापासून दर हिवाळ्यात ती दीड-दोन महिने आमच्याकडे येते. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या वसुली खात्यात कारकून होऊन इकडे आले. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, ओळखीची बरीच मराठी घरं पुण्या-मुंबईकडे गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबरा ओलांडला की गुजराती. स्वयंपाकघर दोन्हीकडचं. डिसेंबरात कानमच्या काळ्या रानातल्या तुरीचे हिरवे दाणे येतात, हिरवा लसूण जुड्यांनी येतो, आणि शेजारी बाजरीची भाकरी थापली जाते. या घरात कोंबडी म्हणजे रस्सा. गेली दोन वर्षं हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मी ती अख्खी भाजतो, आणि आत्याला ते मनापासून पटत नाही.

“धुतलीस तरी का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“हळदीच्या पाण्यातून काढायची, मग बाकीचं.”

“नळाखाली धरली की शिंतोडे उडतात, आत्या. ओटा, चाळणी, शेजारची कोथिंबीर, सगळीकडे. कच्च्या मांसावरचे जंतू पाण्यानं मरत नाहीत, नुसते पसरतात. ते मरतात उष्णतेनं. आतलं मांस ७४ अंशांपर्यंत तापलं की काम झालं. कागदानं टिपून घेतली आणि मीठ लावलं. सव्वा-दीड किलोच्या कोंबडीला तीन छोटे चमचे. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी मांस परत आत ओढून घेतं. त्याला रात्र लागते. आणि वरची साल फ्रिजच्या गार हवेत सुकते. ओली साल ओव्हनमध्ये गेली तर पाणी आटेपर्यंत शंभर अंशांच्या वर जात नाही, नुसती उकडते. तांबूस रंग नि तो वास यायला दीडशेच्या आसपास जावं लागतं.”

“बरं. हे झालं सालीचं. आता मला सांग, ती कापायची नाही का? कधीच?”

“ताटात घेताना.”

“मग अख्खी ठेवून मिळतं काय?”

मी सांगितलं. सालीखालची चरबी वितळून मांसावरून ओघळत राहते, वरून तेल घालावं लागत नाही. हाडाला धरलेलं मांस आखडत नाही, रस आत राहतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“हे चवीचं झालं. मी माणसांचं विचारतेय.”

मग तिनं सांगितलेलं मी लहानपणापासून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं, पण त्या रात्री तिनं ते सलग सांगितलं. साठीच्या दशकातली गोष्ट. घरात वर्षातून चार-पाच वेळा कोंबडी व्हायची. पाहुणा आला, जावई आला, बाळंतीण उठली, तर. मटणापेक्षा कोंबडी महाग. ती यायची नर्मदेपलीकडून, अंकलेश्वरच्या बाजूची, लहान चणीची, काटक. (त्या भरूच-नर्मदा पट्ट्यातल्या कोंबडीची आज अंकलेश्वर नावाची देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद आहे. आत्याच्या लेखी ती फक्त गावठी.) गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, जाळावर धरून बारीक लव भाजायची, हळद चोळायची, मग बारीक तुकडे. भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, आलं-लसूण, सगळं पाट्यावर. एक कोंबडा आणि ताटं चौदा.

“चौदांना पुरायचा?”

“तुकडा एक, रस्सा दोन वाट्या. भाकरी कुस्करली की पोट भरायचं. आणि ऐन जेवणाच्या वेळी दारात आणखी दोघं उभी राहिली तर आई आधण घालायची. वर चिमूट मीठ, चिमूट तिखट. आलेल्या माणसाला कळायचंसुद्धा नाही की तो मोजलेला नव्हता. तुझी ही कोंबडी किती जणांची?”

“पाच. फार तर सहा.”

“आणि सातवा आला तर?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. भाजलेली कोंबडी पाण्यानं वाढत नाही. ती मोजूनमापून बोलावलेल्या माणसांचं जेवण आहे. आमच्यासारख्या परमुलखात येऊन राहिलेल्या घरांना तर न सांगता येणाऱ्या माणसाची फार ओढ असायची. बडोद्याहून कोणी नातेवाईक कामासाठी करजणच्या कचेरीत आला की तो जेवायला आमच्याकडेच, हे ठरलेलं. रस्सा ही त्या दाराची सोय होती. हे मला कळतं आणि ते कमी लेखावं असं मला मुळीच वाटत नाही.

पण मलाही काही विचारायचं होतं.

“त्या चौदा जणांत तू कितव्या पंगतीला बसायचीस?”

“तिसऱ्या. आधी पुरुष आणि पाहुणे, मग पोरं, मग आम्ही.”

“तंगडी कोणाला?”

“एक आजोबांना, एक पाहुण्याला.”

“कलेजी?”

“तुझ्या बाबांना. अशक्त होता.”

“तुला?”

“मान. नाहीतर पाठ.” थोडं थांबून ती म्हणाली, “आईला पातेल्याच्या बुडाचा रस्सा. त्यात असेल ते.”

“मला हेच म्हणायचंय, आत्या. पातेल्यात डाव फिरतो तेव्हा कोणाला काय गेलं हे दिसत नाही. वाढणारीला दिसतं, पण ती बोलत नाही. अख्खी कोंबडी ताटात समोर ठेवली की दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीच्या दोन बाजू सगळ्यांना दिसतात. वाटणी उघड्यावर होते. आणि ती पंगतीपंगतीनं खाता येत नाही. कापल्यावर ठेवून दिली की साल मऊ पडते. म्हणून सगळ्यांना एकदम बसावं लागतं, करणाऱ्यालासुद्धा.”

“म्हणजे साल कुरकुरीत राहावी म्हणून तू बायकोला शेजारी बसवणार?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? माणसाला शेजारी बसवायचं तर रस्सा-भाकरीलाही बसवता येतं. आपल्या घरात नाही बसवलं. त्यात रश्श्याचा काय दोष?”

हा वार नेमका बसला. मी गप्प झालो, कारण ती बरोबर होती. भांडं कोणाला उपाशी ठेवत नाही. पण थोड्या वेळानं मला जे सुचलं ते मी बोललो, आणि आजही मला ते खरं वाटतं. सवय नुसती माणसात नसते, ती पदार्थातही मुरलेली असते. रस्सा म्हटलं की भाकरी आली, आणि भाकरी गरमच हवी. गरम भाकरी हवी म्हणजे कोणीतरी तव्याशी उभं राहणार. गेल्या महिन्यात आमच्याकडे रस्सा झाला तेव्हा मी, मुलगी, आई जेवत होतो आणि बायको एकेक भाकरी आणून टाकत होती. मी तिला तीनदा म्हणालो, बस आता. ती म्हणाली, एवढी झाली की बसते. ती बसली तेव्हा माझं ताट रिकामं होतं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, तिच्याही नव्हतं. जेवणाची घडणच तशी. उद्या ओव्हन आपलं काम करत राहील, त्याच्याशी कोणी उभं राहायला नको. बटाटेही त्याच ट्रेमध्ये. कोंबडी बाहेर काढल्यावर तिला पंधरा-वीस मिनिटं नुसती ठेवायची असते, नाहीतर सुरी लावताच रस वाहून जातो. त्या वेळात हात धुऊन सगळे बसतात.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाकरीचं खरं आहे.” दुधात विरजण घातलं, वाटीवर ताटली ठेवली. “पण एका रविवारी भट्टी लावून त्या तीन पंगतींचा हिशोब चुकता होत नाही, हे ध्यानात ठेव. ट्रे कोण घासणार?”

“मी.”

“बघू.”

सकाळी सहालाच तिनं विषय पुन्हा काढला. चहा हातात होता. “रात्री विचार करत होते. हे सगळं साहेबी. आपल्यात कोंबडी अख्खी कोण करतं?”

मी म्हटलं, अकबराच्या दरबारात करायचे. अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत मुसम्मन नावाचा पदार्थ नोंदवलाय, त्यात मानेवाटे सगळी हाडं काढून घेतात आणि कोंबडी बाहेरून अख्खीच राहते. त्यापुढे मुर्ग मुसल्लम आहेच. आणि साहेबाचं म्हणशील तर खुद्द इंग्लंडात रविवारी भाजायचं ते मुख्यतः गोमांस. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या पोल्ट्र्या निघाल्या, पक्षी स्वस्त झाला, तोवर तिथल्या साध्या घरातही कोंबडी सणासुदीचीच होती. आपल्यासारखीच. आपल्याकडे बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, त्यानंतर ब्रॉयलर गावोगाव पोचला. आज करजणच्या बाजारात दोन किलोचा जिवंत पक्षी पाच-सहा आठवड्यांचा असतो. तुझ्या लहानपणीच्या कोंबड्याला तेवढं वजन वर्षभरातही येत नसेल.

“म्हणूनच त्याला चव नसते.”

“रश्श्याला नसते. हाड कोवळं, उतरायला काही नाही. पण भाजायला हाच बरा. तुझा गावठी कोंबडा ओव्हनमध्ये घातला तर वातड होईल, त्याला तास-दोन तासांचं शिजणंच हवं.”

हे तिला एकदम पटलं. स्वयंपाकातली खरी गोष्ट सांगितली की ती वाद घालत नाही. “मग असं म्हण ना. ब्रॉयलरला भाजणं, गावठीला रस्सा. यात भांडण कुठे आहे?”

“भांडण तू काढलंस.”

“मी विचारलं.”

अख्खी भाजायची ही रीत मी शिकलो ती पुस्तकातून थोडी आणि जास्त एका मित्राच्या घरून. तो वोरा पटेल, इकडचा गुजराती मुसलमान. करजण-पालेज-भरूच पट्ट्यातल्या त्यांच्या कितीतरी घरांतली एकेक फांदी इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये आहे, ब्लॅकबर्न, प्रेस्टन. डिसेंबर-जानेवारीत ही मंडळी गावी येतात, गल्लीत इंग्रजी बोलणारी पोरं सायकली फिरवतात. मित्राच्या वहिनी ब्लॅकबर्नच्या. तिथे रविवारी त्या हलालची कोंबडी आणून अशीच भाजतात, फक्त त्यात हिरवी मिरची, आलं आणि जिरं असतं. बटाट्याची युक्ती त्यांची. आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे, पाणी काढून टाकायचं, आणि झाकण धरून पातेलं जोरात हलवायचं. बटाट्याच्या कडा खरबरीत होतात, त्या खरबरीत कडांत चरबी धरते आणि कुरकुरीत कवच येतं. मी एकदा नुसते कच्चे बटाटे घातले होते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

आत्याला वहिनींचं कौतुक वाटलं, पण तिच्याकडे तिचंही होतं. “भाजलेली कोंबडी मला नवी नाही हं. पेणला माघात पोपटी लावायचो. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, परत शेंगा, वरून पाला गच्च. मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्रकन उडालं की झालं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. आणि आता येताना वलसाडजवळ डुंगरीला गाडी थांबवून आपण उंबाडियूं आणलं, ते तरी काय? तेच मडकं, तोच जाळ, कंद आणि पापडी. कोंबडी तेवढी नाही.”

“मग माझं काय चुकलं?”

“पोपटी शेतात लागते. वास रानात जातो. मडकं उघडलं की ज्यानं जाळ पाहिला तो येऊन बसतो. तू घरात दार लावून करतोस.”

या ‘दार लावून’मध्ये तिच्या मनातलं खरं दुखणं होतं. आमच्या घराला भिंत लावून जैन कुटुंब राहतं, पन्नास वर्षांचा शेजार. माझ्या आजीनं घालून दिलेले नियम आत्याला पाठ आहेत. चातुर्मासात काही नाही. पर्युषणात तर अंड्याचं नावसुद्धा नाही. शेजारच्या घरचं जेवण आटोपल्यावरच आपलं पातेलं चढवायचं. टरफलं, हाडं कागदात बांधून. गुजरातेत राहून मांस खाणाऱ्या मराठी घरानं शेजार कसा राखला त्याचा हा अलिखित कायदाच. आजच्या नव्या सोसायट्यांत मांसाहार करणाऱ्याला घर देताना लोक मागेपुढे पाहतात, तेव्हा मला आजीच्या या मर्यादेची किंमत जास्त कळते. तिनं काही सोडलं नाही आणि कोणाला दुखवलंही नाही.

“फोडणीचा वास येतो नि जातो,” आत्या म्हणाली. “भाजल्याचा वास दीड तास चढत राहतो.”

“मी शेजारच्या काकींना काल सांगून आलो.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘तमतमारे करो ने, भाई.’ मग विचारलं, किती वाजता? खिचियाचे पापड वाळत घालायचे होते, त्या म्हणाल्या पुढच्या गच्चीऐवजी मागे घालते. मी म्हटलं, उलट करा, मीच मागे जातो.”

आत्या उठून मागच्या पडवीत गेली. ओव्हन मी पहाटेच तिथे हलवला होता, शेताच्या बाजूला तोंड करून, जाड वायरची जोडणी लावून. तिनं वाऱ्याची दिशा पाहिली. उत्तरेचा वारा होता, शेजारच्या घराकडून आमच्याकडे येणारा. “सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “पण होकार मिळाला म्हणून वास कमी होत नाही. हलवलास हे जास्त बरं केलंस.”

मग ओव्हनच्या काचेतून आत बघत म्हणाली, “आमच्याकडे हा नव्हता म्हणून अडलं नाही कधी. जाड बुडाचं पितळी पातेलं, खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. नानकटाई तशीच व्हायची. आजोबा म्हणायचे, १८६२ साली डभोईहून मियागामला रूळ आले तेव्हा इंजिन कुठे होतं? खंडेराव महाराजांनी वीस मैल बैलांनी डबे ओढवले. इंजिन आलं ते मागाहून. आहे त्यावर गाडी चालवायची.”

“निखाऱ्यावर अख्खी कोंबडी होईल?”

“होईल. पण पातेल्याशी बसून राहावं लागेल.” हे बोलली आणि स्वतःच थांबली. काल रात्रीचं भाकरीचं बोलणं आम्हा दोघांनाही आठवलं असावं.

साडेअकराला कोंबडी आत गेली. त्याआधी पाऊण तास बाहेर काढून ठेवली होती. साल हाताला चर्मपत्रासारखी कोरडी लागत होती. छातीवरच्या सालीखाली बोट घालून हळूच सोडवली आणि आत लोणी, ठेचलेला हिरवा लसूण, मिरी आणि लिंबाची किसलेली साल भरली. लसूण बाहेर लावला तर जळून कडू होतो, सालीखाली तो वाफवतो. पोटात अर्धं लिंबू आणि कांदा. मान, पेटा आणि कलेजी वेगळ्या पातेलीत पाणी घालून गॅसवर, ट्रेतल्या रसात मिसळायला.

अख्ख्या कोंबडीची खरी अडचण एकच आहे. छाती ७० अंशांच्या पुढे कोरडी पडायला लागते आणि मांडीचा चिवटपणा ८०च्या आसपास गेल्याशिवाय सुटत नाही. दोन वेगळी मांसं एकाच अंगावर. म्हणून तंगड्या ओव्हनच्या मागच्या बाजूला, जिथे जास्त तापतं. पहिली वीस मिनिटं २२०, मग १८०. गेल्या वर्षी मी फक्त ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवला होता. बटण २०० सांगत होतं, आत तेवढं नव्हतंच. वरून सुरेख तांबूस झाली, सगळे बसले, मांडीच्या सांध्याला सुरी लावली आणि आत गुलाबी, लालसर पाणी. परत आत घातली. मुलीनं तोवर ब्रेड-बटर खाल्लं, आणि मांडी होईपर्यंत छातीचा भुगा झाला. आईनं तरीही सगळं खाल्लं, ते मला जास्त लागलं. त्यानंतर मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला.

“कणा कापून चपटी केली तर सगळं एकदम होतं,” मी आत्याला सांगितलं. “पुष्कळ लोक तसंच करतात.”

“मग तू का नाही करत?”

“मला ती अख्खी ताटात यायला हवी.”

“हट्ट आहे हा.”

“आहे.”

तिनं मान डोलावली. हट्ट तिला समजतो. तिनं मधल्या वेळात भात लावला, हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी केली. भात बघून बायको म्हणाली, “आत्याबाई, दहा जणांचा झालाय.” आत्या काही बोलली नाही. साडेबारा ते पाऊण या वेळात ती दोनदा पुढच्या दाराशी जाऊन आली. रविवारी हायवेवरून बडोद्याकडे जाणारा कोणी आपला माणूस करजणला वळतो, असा तिचा अजून हिशोब आहे. त्या दिवशी कोणी वळलं नाही.

एक वाजायला दहा कमी असताना मांडीत ८१ आणि छातीत ७४ आलं. कोंबडी फळीवर ठेवली. साल ताणलेली, गडद मधासारखी, मांडीपाशी एक फोड फुटून त्यातून रस चकाकत होता. मुलगी जवळ येऊन ऐकत होती, कारण बाहेर काढल्यावरही साल बारीक तडतडते. मी ट्रेतली वरची चरबी बटाट्यांवर टाकली, खालचा चिकटलेला रस मान-पेट्याच्या पाण्यानं सोडवला, लिंबू पिळलं. एवढ्यात सगळे बसले. बायको माझ्या उजव्या हाताला, आई समोर, मुलगी, आणि आत्या टोकाला, दाराकडे तोंड करून. गॅस बंद होता. तव्याशी कोणी नव्हतं. बायकोनं बसल्यावर एकदा उठायची हालचाल केली, मग लक्षात आलं की आणायचं काही नाही, आणि पाठ टेकली.

“आत्या, तंगडी तुला.”

“पोरीला दे.”

“दोन आहेत.”

“मग दुसरी तुझ्या आईला.”

आईनं आत्याकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या. दोघी एकेकाळी त्याच तिसऱ्या पंगतीत होत्या. शेवटी आईनं एक तंगडी घेतली, मुलीला दुसरी मिळाली, आणि मी आत्याच्या ताटात मांडी वाढली. तिनं ती खाल्ली. सावकाश, बटाट्याबरोबर, सालीचा तुकडा आधी बाजूला काढून मग शेवटी. “खारं नीट मुरलंय,” म्हणाली. “हाडापर्यंत.” एवढं तिच्याकडून पुष्कळ.

छातीचे काप झाले, पंख संपले. मी सांगाडा ट्रेमध्ये टाकला, संध्याकाळी उकळून त्याचा अळणी रस्सा करायचा म्हणून. आत्या हात धुवायला उठली, ट्रेपाशी थांबली आणि तिनं तो सांगाडा उचलून पालथा केला.

“हे ठेवलंस का मुद्दाम?”

“काय?”

पाठीच्या कण्याला लागून, मांडीचा सांधा जिथे निखळतो त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना हाडात बोटाच्या पेराएवढे खळगे असतात. तिनं अंगठा एका खळग्यात घातला, कडेनं फिरवला, आणि सुपारीएवढा गोल, चकचकीत मांसाचा तुकडा अख्खा बाहेर आला. मग दुसऱ्या बाजूचा. फ्रेंच लोकांनी या तुकड्यांना नावच दिलंय, ज्याचा अर्थ होतो: मूर्ख माणूस जे तिथेच सोडतो ते. मला ते वाचून माहीत होतं. मी ते सोडलं होतं.

“पाठ कोणी मागायचं नाही,” आत्या म्हणाली. “म्हणून आमच्याकडे यायची. आईनं दाखवलं होतं मला, चुलीपाशी बसून. पुरुषांना कोणाला ठाऊक नव्हतं हे. आजोबांनासुद्धा नाही.”

“म्हणजे तुला वाईट वाटायचं नाही?”

“तंगडी नाही मिळाली त्याचं वाटायचं. का नाही वाटणार? पण हे आमचं होतं.”

एक तुकडा तिनं माझ्या मुलीच्या ताटात ठेवला. मुलीनं खाल्ला आणि दुसऱ्याकडे बघितलं. आत्यानं तो माझ्या बायकोपुढे धरला, “घे, उघड हात,” आणि मग सांगाडा परत ट्रेमध्ये ठेवून मला म्हणाली, “पातेलं मोठं घे. रात्री कोणी आलं तर.”